झील कोण धरणार?

आमच्या मंडळाच्या गणपतीत आरतीच्या वेळी काकांच्या हातात कायम प्रसादाचं ताट का असायचं, हे नव्या माणसाला कळायला एक अख्खा गणेशोत्सव जावा लागे. मला आधी वाटलं, वयाचा मान असेल. मान कसला! कमिटीनं डोकं खाजवून काढलेली ती युक्ती होती. ताट धरलं की दोन्ही हात अडकतात, आणि हात अडकले की टाळी वाजवता येत नाही.

कारण काका टाळी चुकीच्या जागी वाजवत. म्हणजे आमच्या मते चुकीच्या. तालाच्या चार मात्रा मोजताना आपण सगळे जिथे 'एक' म्हणतो तिथे हात आपटतो. काका तिथे हात उघडे ठेवून शांत उभे राहत, आणि आपण हात उघडले की मग 'दोन'वर त्यांचा फटाका. त्यातून हात असे की दोन भाकऱ्या एकमेकींवर आपटाव्यात. मी इकडे टेक्ससमधल्या शुगर लँडला यायच्या आदल्या वर्षी त्यांनी मोकळ्या हातांनी सगळा हॉल असा काही उलटा करून टाकला होता म्हणे, की पेटीवाला रडकुंडीला आला आणि आरती मध्येच थांबवून परत सुरू करावी लागली. तेव्हापासून ताट.

काकांना ही युक्ती पुरती ठाऊक होती. ते ताट धरून मिश्कील हसत उभे राहत आणि पायानं दोन-चार, दोन-चार चालूच ठेवत. ताटाखालचा पाय कमिटीला दिसत नसे.

माझी त्यांच्याशी गाठ पडली ती ड्रायव्हिंगमुळे. दोन हजार चार सालच्या उन्हाळ्यात मी नागपूरहून नवऱ्याच्या मागोमाग आले. व्हिसा असा, की नोकरी करायची नाही. आणि गाव असं, की गाडीशिवाय साधी कोथिंबीर आणता येत नाही. आता नागपूरच्या माणसाला ऊन काय सांगता! पण बाप्पा, ते ऊनच वेगळं होतं. ओलं. दारातून बाहेर पाऊल टाकलं की कुणीतरी तोंडावर गरम फडकं टाकल्यासारखं व्हायचं. रस्त्यावर चिटपाखरू नाही. नवरा सकाळी निघून गेला की मी आणि एअर कंडिशनर, दोघंच घरघर करत बसायचो.

नवऱ्यानं मला गाडी शिकवायला घेतली. नवऱ्याकडून कुणी गाडी शिकू नये, मी सांगते. तिसऱ्याच स्टॉप साइनला तो म्हणाला, "यार, तू ब्रेक मारतेस की सूड घेतेस?" मी गाडी तिथेच ठेवली, उतरले आणि भर दुपारी चालत घरी निघाले. तो बिचारा ड्रायव्हर सीटवर सरकून माझ्या शेजारून तासाला पाच मैलांनी गाडी चालवत "बस ना, बस ना" करत येत होता. सगळ्या सबडिव्हिजननं, म्हणजे आमच्या कॉलनीनं, पाहिलं. त्या शनिवारी मंडळाच्या पिकनिकला ही कथा काकांच्या कानावर गेली, आणि ते नवऱ्याला म्हणाले, "पोरीला माझ्याकडे पाठव. तुझ्यानं नाही व्हायचं."

काकांची गाडी लांबलचक, तपकिरी आणि माझ्याहून थोडीच लहान. त्यात कॅसेट प्लेअर. काका उंच, काळेसावळे, कितीही उकडत असलं तरी पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्यावर हॅट. तेलाच्या पाइपलाइनींचे इंजिनियर, आता रिटायर. साठच्या दशकात शिकायला म्हणून आलेले, ते इथलेच झाले. ग्लोव्ह कंपार्टमेंटमध्ये लोक कागदपत्रं ठेवतात, काकांच्या तिथे स्टीलची एक वाटी आणि चमचा.

पहिल्या दिवशी त्यांनी इथल्या काळ्या लोकांच्या गाण्यांची कॅसेट लावली आणि चमच्यानं वाटी वाजवायला सुरुवात केली. टिंग टिंग टि-टिंग. "ही वाटी ऐक," म्हणाले. "आफ्रिकेत पुष्कळ ठिकाणी लोखंडाची घंटा असते, तिचं काम एवढंच. सगळे ढोल काय वाटेल ते करोत, घंटा आपली चालू. ती कुणासाठी थांबत नाही, कुणाला घाबरत नाही. तुझा वेग म्हणजे ही वाटी. मागचा हॉर्न मारो, पुढचा डुलकी घेवो, आपली वाटी सोडायची नाही."

"आणि काका, ब्रेक?"

"ब्रेक म्हणजे श्वास. नवऱ्यावर राग काढायची जागा नाही ती."

मी म्हटलं, हा माणूस येडा आहे. पण त्या दिवशी स्टॉप साइनला गाडी लोण्यासारखी थांबली, हेही खरं.

त्यांचा एक नियम होता. गाणं संपल्याशिवाय इंजिन बंद करायचं नाही. त्यामुळे कुठेही पोचलं की आम्ही पार्किंगमध्ये बसून राहायचो. मंडळाच्या मीटिंगला सगळे आत खोळंबलेले, आणि काका बाहेर गाडीत डोळे मिटून. कुणी काच ठोठावली तर बोट वर करायचे, म्हणजे, अजून एक कडवं आहे. त्यांच्या स्वतःच्या घरासमोरसुद्धा हेच. काकू दारात उभ्या राहून म्हणायच्या, "अहो, गाडी बंद करा. भाजी गार झाली, आता गाडीही गार होऊ द्या."

काकू पुण्याच्या. लहानपणापासून शास्त्रीय गाणं शिकलेल्या, आवाज असा की अजूनही तानपुऱ्याला बसल्या की खोलीचा रंगच बदलायचा. दर रविवारी मंडळातल्या मुली त्यांच्याकडे गाणं शिकायला यायच्या आणि इंग्लिशमध्ये प्रश्न विचारून त्यांचं डोकं उठवायच्या. काकांच्या संगीताला त्या 'धडाम-धुडुम' म्हणत. या दोघांचं भांडण मी जेवताना इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे.

काका म्हणायचे, "तुझ्या तानपुऱ्याची जवारी काढून टाक, राहतं का काही? ती झणझण आहे म्हणून गोडी आहे. आफ्रिकेत वाद्याला शिंपले बांधतात, पत्र्याचे तुकडे बांधतात, ते त्या झणझणीसाठीच. स्वच्छ सूर त्यांना आळणी लागतो."

"मग आता माझ्या तानपुऱ्याला पत्रे बांधणार का?"

"आणि तुझी मींड? ही माझ्या कॅसेटमधली माणसं दोन पट्ट्यांच्या मधला सूर गातात. पियानोवर तो सूरच नाही. गळ्यात आहे. तू जे करतेस तेच करतात."

"मी जे करते त्याला यमन म्हणतात," काकू म्हणायच्या. "वाढू का अजून?"

मला एकदा काकूंनी आमटी ढवळता ढवळता सांगितलं, की लग्नानंतर त्या एकदाच काकांच्या चर्चमध्ये गेल्या होत्या. डोकं धरलं, परत गेल्या नाहीत. "ते माझ्या विलंबितात घोरतात, मी त्यांच्या चर्चला जात नाही. फिट्टंफाट." हे त्या हसून म्हणाल्या, पण मला ते काही फार हसण्यासारखं वाटलं नाही. दोन गाणारी माणसं, एका घरात, आणि एकानं दुसऱ्याचं ऐकायचं नाही!

आता चर्च कुठून आलं ते सांगते. काका आमचे अगदी देवघर-सोवळ्यातले नसले तरी संकष्टीला उपास धरणारे. पण महिन्यातून दोन रविवार ते ह्यूस्टनच्या थर्ड वॉर्डातल्या, म्हणजे काळ्या लोकांच्या वस्तीतल्या, एका छोट्या चर्चमध्ये जात. शिकायला आले तेव्हा त्यांना राहायला खोली मिळेना. फोनवर सगळे या म्हणत, दारात काकांचा रंग पाहिला की खोली नुकतीच गेलेली असे. असं फिरून फिरून संध्याकाळी त्यांनी थर्ड वॉर्डात एक दार ठोठावलं. दार उघडणाऱ्या बाई काळ्या होत्या. त्यांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. विचारलं, "जेवलास का?" काका त्या घरात शिक्षण संपेपर्यंत राहिले. रविवारी घरात राहायचं नाही असा बाईंचा दंडक होता, म्हणून त्यांच्याबरोबर चर्चला गेले. तिथे बाई गाण्याची एकेक ओळ उभं राहून सांगत आणि सगळं चर्च ती ओळ ओढून, आळवून परत म्हणे.

"मी खुर्चीतून उठलोच," काका म्हणायचे. "अरे, ही तर झील!"

काकांचे वडील झीलकरी होते. कऱ्हाडच्या बाजूचं गाव. पोवाडा म्हणणारा शाहीर पुढे असतो, त्याच्या मागे दोघं-तिघं उभे राहून ओळ संपली की 'जी जी रं जी' म्हणत ती उचलून धरतात, ते झीलकरी. फेटा शाहिराचा मोठा, टाळ्या शाहिराला, नाव शाहिराचं. काकांचे वडील जन्मभर मागे उभे राहिले आणि त्यांना त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. घरी म्हणायचे, शाहीर चुकला तर आम्ही सावरतो, आम्ही चुकलो तर त्याला कोण सावरणार?

काकांचं सगळं तत्त्वज्ञान यावर उभं होतं. "आफ्रिकेतून माणसं पळवून आणली तेव्हा ढोल बरोबर आणू दिले नाहीत. इथे पुष्कळ ठिकाणी ढोल वाजवायलाच बंदी, ढोलावरून निरोप जातात म्हणून. मग काय केलं असेल? हात होते. पाय होते. मांड्या होत्या. ती टाळी म्हणजे टाळी नाही, पोरी, तो ढोल आहे. आणि दुसरं काय शिल्लक राहिलं? झील. एकानं म्हणायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. उत्तर आलं नाही तर ते गाणं नाही, ती बडबड."

मग कॅसेटी बदलत जायच्या आणि मी लेन बदलत जायचे. जुन्या ब्लूजची कॅसेट लावली की म्हणत, "हा एकटा आहे बघ. झील द्यायला कुणी नाही, तर गिटारकडून घेतोय." पुढची लावली की, "मागच्या पोरी ऐक. लोक पुढच्याला बघतात, गाणं मागच्या पोरींचं आहे." नाचायच्या गाण्यात ते तुताऱ्यांचं उत्तर ऐकवत. एकदा सिग्नलला शेजारच्या गाडीतून रॅप असं दणदणत होतं की आमचा आरसा थरथरला. मी नाक मुरडलं. काकांनी आपली काच खाली केली, त्या पोराकडे पाहून हॅट उचलली आणि मला म्हणाले, "हा शाहीरच आहे. जरा घाईत आहे इतकंच." त्या पोरानंही मान लववली!

मंडळाबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं. "आपल्याकडे सगळे शाहीर. प्रेसिडेंट शाहीर, ट्रेझरर शाहीर. झीलकरी कुणीच नाही." मी मंडळाच्या मीटिंगला बसलेली आहे, मी यात एक अक्षर बदलणार नाही.

आमचा लेसनचा रस्ता ठरलेला. आधी गल्ल्या, मग हायवेलगतचा फीडर रोड, आणि मग काका स्वतः चालवत मला फिफ्टी-नाइन हायवेवरून थर्ड वॉर्डात नेत आणि तिथल्या गल्ल्यांत पुन्हा चाक माझ्या हाती देत. बाई पुढच्या व्हरांड्यात झुलत्या खुर्चीवर बसलेल्या असत. नव्वदीला टेकलेल्या, हातात पंखा, पायात लोकरी मोजे. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "टाळी वाजव." इंग्लिशमध्येच बोलायच्या, पण इतक्या सावकाश, की मला इथल्या टीव्हीपेक्षा त्यांचं पटकन कळायचं. त्या गुणगुणायला लागल्या, मी टाळी धरली. बाई थांबल्या. मग जे हसल्या ते डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"तुम्ही सगळे एकवरच का येता गं?" त्या म्हणाल्या. "पोस्टात शिक्के मारल्यासारखं."

काका कपाळावर हात मारून म्हणाले, "मॅम, इतकी वर्षं सांगतोय यांना. ऐकत नाहीत."

मला राग आला. म्हटलं, आम्ही सम धरतो, आमची पद्धत आहे, आम्ही काही चुकत नाही. काकांनी तोंड वाकडं करून भाषांतर केलं. बाईंनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "ही बरी आहे. भांडते."

ऑक्टोबरात एकदा आम्ही गेलो तेव्हा बाईंनी विषय काढला. पुढच्या महिन्यात त्यांचा नव्वदावा वाढदिवस, रविवारीच येत होता, आणि चर्चमध्ये तो साजरा होणार होता. त्या काकांना म्हणाल्या, "पोरा, मी म्हणते आणि तू उत्तर देतोस, असं आयुष्य गेलं आपलं. आता एकदा तू म्हण. तुझ्या गावाकडे म्हणतात तसं. आणि उत्तर द्यायला तुझी माणसं आण. मी जायच्या आधी मला बघायचंय, तुझ्यामागे कोण उभं राहतं."

काका हसून बरं म्हणाले. गाडीत मात्र कॅसेट लावली नाही. सिग्नल लाल होता, हिरवा झाला, तरी "चल" म्हणेनात. मागच्यानं हॉर्न मारला.

"काका, काय झालं?"

"पोवाडा मी लिहीन गं," ते म्हणाले. "झील कोण धरणार?"

या माणसाला मी पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. म्हटलं, "काहून असं बोलता? मी धरीन की." मला गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, हे काकांना माहीत होतं. तरी ते लहान मुलासारखे खूश झाले.

त्यांनी मंडळात सगळ्यांना विचारलं. प्रत्येकाला, स्वतः, कोजागिरीच्या आरतीला हातात ताट धरून. आधी सगळे हो म्हणाले, आपल्याकडे तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही. रोज लेसनच्या वेळी काका नावं मोजत. मी स्टॉप साइनला "जी जी", हिरवा झाला की "रं जी" असा सराव करत होते. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात मी ड्रायव्हिंग टेस्ट पास झाले. आणि त्याच आठवड्यात काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काही दिवस गाडी चालवायला बंदी केली. म्हणजे रविवारी काकांना घेऊन फिफ्टी-नाइनवर गाडी मी घालायची होती. मला रात्री नीट झोप लागेना.

शनिवारी दुपारपासून काकांकडे फोन वाजायला लागले. मी तिथेच होते, काकूंना चकल्या करू लागत होते. कुणाच्या मुलाची सॉकर गेम. कुणाला घसा. "काका, त्या एरियात फॅमिली घेऊन यायचं म्हणजे..." "काका, चर्चमध्ये पोवाडा, म्हणजे लोक काय म्हणतील?" काका प्रत्येकाला "बरं बरं, काही हरकत नाही" म्हणत होते. सातव्या-आठव्या फोननंतर त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि बाहेर जाऊन बंद गाडीत बसून राहिले. काकू सोऱ्या फिरवत होत्या. चकल्या एकाएकी भलत्याच मोठ्या पडायला लागल्या.

रविवारी सकाळी मी आणि नवरा पोचलो. नवऱ्याला मी विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. काका धोतर, कोट, फेटा घालून हातात डफ घेऊन उभे. फेटा इतका सुंदर बांधलेला, की त्यांनी स्वतः बांधलेला असणं शक्यच नव्हतं. त्यांनी आमच्या मागे कुणी आहे का पाहिलं, कुणी नव्हतं. "चला," म्हणाले.

तेवढ्यात आतून काकू आल्या. नारायणपेठी नेसलेल्या, हातात पर्स. मागचं दार उघडून बसल्या.

"तू कुठे?" काका म्हणाले.

"पोरगी पहिल्यांदा हायवेवर गाडी घालणार. घरी बसून जीव टांगणीला लावण्यापेक्षा बरोबर असलेलं बरं."

हायवेवर चढायच्या रॅम्पवर मी गाडी घातली. उजवीकडून रस्ता संपत येतोय आणि डावीकडे गाड्यांची रांगच्या रांग. "काका, जागा नाहीये!"

"आहे," काका शांतपणे म्हणाले. "गाड्यांकडे बघू नकोस, गाड्यांच्या मधे बघ. ते त्यांच्या एकवर येतायत, तू मधे ये. आता दोनवर. आणि... दोन!"

मी घुसले. नवऱ्यानं मागे देवाचं नाव घेतलं. कुणीही हॉर्न मारला नाही.

चर्चमध्ये बायकांच्या टोप्या म्हणजे एकेक बाग होती. बाई पुढे एका खुर्चीत, पांढरा पोशाख, मांडीवर फुलं. आम्हाला दुसऱ्या रांगेत बसवलं. गाणं सुरू झालं, सगळं चर्च दोनवर, चारवर टाळी देऊ लागलं आणि आम्ही तिघं इमानेइतबारे एकवर. शेजारची आजी माझ्याकडे बघून हसली. काका पहिल्या रांगेतून मागे वळून डोळे वटारत होते. मी प्रयत्न केला, खरंच केला. दोन टाळ्या बरोबर पडायच्या, तिसरीला हात परत आपल्या जागी.

मग काकांना बोलावलं. त्यांनी आधी इंग्लिशमध्ये दोन वाक्यांत सांगितलं, की माझे वडील मागे उभे राहणारे होते, मीही तसाच, आज पहिल्यांदा पुढे उभा आहे. आणि हे गाणं तुमच्या बाईंचं आहे. मग आम्हाला मागे उभं केलं. नवऱ्याच्या हातात वाटी-चमचा दिला. "यार, मी?" असं तो पुटपुटला. काका म्हणाले, "एवढंच वाजव. काहीही झालं तरी थांबू नकोस." काकू खुर्चीतच बसून राहिल्या, पर्स मांडीवर.

डफावर थाप पडली. काकांनी आवाज लावला.

"ऐका हो सभा, सांगतो कथा, परक्या गावची बाई,
दार उघडुनी पुसते मजला, जेवलास की नाही?"

आता झील. मी तोंड उघडलं. बाहेर जो आवाज पडला तो शेळीचा होता. नवऱ्यानं मदत म्हणून सूर दिला, तो तिसऱ्याच गावाचा. चर्च आमच्याकडे अतिशय मायेनं बघत होतं, आणि त्या मायेनं मला अजूनच मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांची मान एक क्षण खाली गेली. त्यांनी दुसरी ओळ घेतली. आमची दुसरी झील पहिलीहून वाईट.

मला समोर काकू दिसत होत्या. त्यांनी डोळे मिटले. कपाळाला आठी पडली. पर्स शेजारच्या आजीच्या मांडीवर ठेवली. उठल्या, पदर खोचला, आमच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि तिसऱ्या ओळीला झील दिली.

"जी जी रं जी."

कसं सांगू! इतकी वर्षं यमनात घासलेला तो आवाज, तो सरळ जाऊन मागच्या भिंतीला लागला. टोप्यांच्या टोप्या वर झाल्या. कुणीतरी "येस!" म्हणून ओरडलं. काका गर्रकन वळले. काकूंकडे बघतच राहिले, आणि पुढची ओळ विसरले. सपशेल विसरले. डफ थांबला. सगळं थांबलं, एक आमच्या नवऱ्याची वाटी सोडून. तो बाबा खाली मान घालून टिंग टिंग टि-टिंग चालूच. माझं लग्न त्या क्षणी सार्थकी लागलं.

"टेक युवर टाइम," मागून कुणी बाई म्हणाल्या. "हेल्प हिम, लॉर्ड," दुसरं कुणी. आणि काकूंनी काय केलं? वाट नाही पाहिली. तीच झील परत घेतली. "जी जी रं जी." परत घेतली. तिसऱ्या वेळी शेजारच्या आजीनं म्हटली, मग तिच्या रांगेनं, मग अख्ख्या चर्चनं. शब्दांचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही, पण त्यांच्यासमोर कुणी एकटा उभा आहे आणि त्याला उत्तर मिळालं नाही, असं त्या लोकांना चालतच नाही. ऑर्गनवाल्यानं काकूंची पट्टी पकडली. टाळ्या सुरू झाल्या, त्यांच्या दोनवर, चारवर. आणि मधोमध उभ्या काकू ठासून एकवर, तीनवर.

काकांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ऑपरेशन झालेला डोळा, पुसताही येईना. पण स्वभाव बघा! त्याही अवस्थेत त्यांनी हात वर करून काकूंना खूण केली, टाळी चुकतेय, दोनवर, दोनवर.

तेव्हा खुर्चीतून बाई म्हणाल्या, मोठ्यानं, सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा, "राहू दे तिला, पोरा. आम्ही सगळे दोनवर. एक कुणीतरी धरायला नको?"

मला ते तेव्हा ऐकू आलं. एकवर काकू, दोनवर चर्च, तीनवर काकू, चारवर चर्च, मधून वाटी. कुठे फट म्हणून नाही. काकांचा वर झालेला हात तसाच राहिला आणि मग हळूच डफावर आला. त्यांना ओळ आठवली. पोवाडा त्यांनी शेवटपर्यंत म्हटला, आणि प्रत्येक ओळीला उत्तर आलं.

जेवणं झाली, बाईंनी काकूंचा हात धरून ठेवला तो सोडेचनात. चकल्या संपल्या. परत निघताना गाडी मीच चालवत होते. काका शेजारी, फेटा मांडीवर. काकू आणि नवरा मागे.

"सूर जात होता म्हणून उठले," काकू खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या. "दुसरं काही नाही."

"हो," काका म्हणाले.

"या दोघांच्या झिलेनं डोकंच दुखायला लागलं होतं."

"हो ना."

दोन एक्झिट मागे पडल्या. मग काकू म्हणाल्या, "ते लावा की तुमचं काहीतरी. गाडी चर्चला गेल्यासारखी काय गप्प बसलीय?"

काकांनी कॅसेट लावली. जुनंच गाणं, मी शंभरदा ऐकलेलं, मागच्या पोरींचं. थोड्या वेळानं मागून सीटवर थाप पडायला लागली. मी आरशात पाहिलं. काकू बाहेरच बघत होत्या, पण हात सीटवर पडत होता, ठाम, एकवर. काकांनीही ते ऐकलं. त्यांची मान वळली, तोंड उघडलं. मला वाटलं, आता सांगणार.

त्यांनी तोंड मिटलं. वाट पाहिली. आणि काकूंचा हात वर गेला तसा त्यांनी आपला डॅशबोर्डवर टाकला, दोनवर.

माझे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, हायवेवर सोडायचे नाहीत असं त्यांनीच शिकवलेलं. मग मी तोंडानं झील दिली. बेसूरच गेली. त्या दिवशी काकूंनीसुद्धा नाक मुरडलं नाही. घर आलं, ड्राइव्हवेमध्ये गाडी उभी केली आणि मी किल्लीला हात घातला, तर मागून काकूंचा आवाज आला.

"थांब गं. गाणं संपू दे."